मटणावरचा आळ आणि बुवांची माळ

प्रवासाला निघताना लोक भरलेले डबे घेऊन निघतात आणि रिकामे घेऊन परत येतात. माझं उलटं असतं. मी घट्ट झाकणाच्या रिकाम्या डब्या घेऊन निघते आणि येताना त्या भरून आणते. त्यांत काय भरलेलं असतं ते जेवणाच्या टेबलावर सांगायचं नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे आणि माझी सगळी कारकीर्द पटकी, हगवण आणि त्यांच्या भाऊबंदांच्या संगतीत गेली. पटकीचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो. विद्यार्थिनी असताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि प्रेमातच पडले. लग्न मात्र बँकेतल्या एका सरळ माणसाशी केलं. माझ्या आईनं शेवटपर्यंत नातेवाइकांना 'ती पाण्यावर काहीतरी काम करते' एवढंच सांगितलं.

तर या पावसाळ्यात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या विहिरींचं पाणी तपासायला मी निघाले. बरोबर नेहमीप्रमाणे शब्बीर आणि त्याची जीप. शब्बीर जुन्नरचा. बापजाद्यांचा धंदा कागद बनवण्याचा, याला मात्र स्टिअरिंग आवडलं. माझ्याबरोबर फिरून फिरून त्यानं स्वतःचा एक कायदा केला आहे.

"म्याडम, तुमचा माल मागं, माझा माल पुढं. दोगांची गाठ पडाया नको."

त्याचा माल म्हणजे अम्मीनं दिलेला जेवणाचा डबा.

निरगुडसर, मग आणे

निरगुडसरला माझ्या मावसभावाची बागायत आहे. तिथं विहिरीचं पाणी घ्यायला दहा मिनिटं लागली आणि वहिनींच्या हातून सुटायला सबंध दुपार. मासवडी केली होती. पुण्याच्या माणसांना सांगायला हवं की मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळी करायची, तिला माशाचा आकार द्यायचा, वड्या पाडायच्या आणि वर झणझणीत रस्सा. मांसाहाराचं सगळं सुख, पाप शून्य. या मुलखात माळकरी पुष्कळ, त्यामुळे अशी सोय कुणीतरी करून ठेवणं भागच होतं. शब्बीरनं अम्मीचा डबा न उघडता तसाच ठेवला आणि तीनदा रस्सा मागितला.

आण्याच्या पठारावर पाऊस नावापुरता पडला होता. एका शेतकऱ्यानं मला त्याच्या विहिरीत डोकावायला लावलं. तळाशी चिखल होता आणि त्यात एक बेडूक आमच्याकडे रागानं बघत होता.

"पानीच न्हाई, तं जंतू कुठून आनू, बाई? तुमच्याकडचं थोडं जंतू टाकून जा, त्येंच्यासंगं पानी तरी यील!"

हा माणूस संशोधन संस्थेच्या समितीवर असता तर बैठका लवकर आटोपल्या असत्या. मी बाटली रिकामीच बंद केली.

तळेघरच्या पुढची वाडी

पठारावरून थेट भीमाशंकरच्या बाजूला आलं की एकाच तालुक्याच्या अंतरावर जग बदलतं. इकडे धुकं इतकं की शब्बीर हॉर्न वाजवून रस्त्याला विचारत चालला होता. तळेघरच्या पुढे जीप चिखलात बसली आणि आम्ही नमुन्यांचा पेटारा उचलून पायी निघालो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, नुकती लावणी झालेली. बांधावरून चालताना आपण फार डौलात चाललो आहोत असं मला वाटलं आणि त्याच क्षणी मी खाचरात बसले. नाचणीच्या तुकड्यात काम करणाऱ्या बायका आधी धावत आल्या, मला उभं केलं आणि मगच हसल्या. शहरात क्रम उलटा असतो.

वाडीत शिरलो तर वातावरण काही ठीक दिसेना. अर्ध्या ओट्यांवर माणसं भिंतीला टेकून बसलेली, चेहरे उतरलेले. सरपंच बाळूभाऊंनी आम्हाला ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं, बसायला एक भरलेलं पोतं दिलं आणि म्हणाले, "बाई, तुमी येळंवर आल्या. वाडीला जुलाब लागल्यात. पन कारन सापाडलंय. मटान."

हकिगत अशी होती. लावणीला या भागात इर्जिक असते. सगळ्या वाडीनं मिळून एकाच्या खाचरात राबायचं आणि ज्याचं खाचर त्यानं शेवटी सगळ्यांना मटणाचं जेवण घालायचं. या खेपेला खाचर बाळूभाऊंचं होतं. जेवण रांधलं यमुनामावशींनी, कारण या खोऱ्यातलं बारसं, लग्न, जावळ, आखाड यांतलं कुठलंच जेवण त्यांच्याशिवाय होत नाही. जेवणानंतर एक-दोन दिवसांत अर्धी वाडी डबे घेऊन पळत सुटली. आरोग्य खात्याची माणसं येऊन औषधं आणि क्षारांची पाकिटं देऊन गेली होती. एका म्हाताऱ्या बाबांना सलाईन लावायला न्यावं लागलं, ते बरे होऊन परत आले होते. कागदोपत्री या सगळ्याला 'गॅस्ट्रो' म्हणतात. पटकी म्हटलं की साहेबांनाच आधी जुलाब होतात.

मी यमुनामावशींकडे गेले. दारात बसून त्या एवढं मोठं पातेलं घासत होत्या की त्यात मी आणि शब्बीर दोघंही मावलो असतो. पातेलं आधीच लख्ख होतं.

"लगीन होऊन आले तवापासनं या हातानं रांधतीये," त्या म्हणाल्या. "भांडं आधी इसळते, मंग चुलीवं ठिवते. आखाडाची सारी जेवनं ठरली व्हती, एकेक करून फिरली. ते ऱ्हाऊ द्या. पन आता पोरंसोरं माझ्या दारावरनं जाताना पोट धरून लोळायचं सोंग करत्यात. मी बघती आन् घरात जाती." पदर डोळ्यांना लावून त्यांनी पुन्हा राख हातात घेतली.

मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. साथ आली की लोकांना जंतू नको असतो, माणूस हवा असतो. पण राग हा पुरावा नव्हे. मटण खरोखरच बिघडलेलं असू शकत होतं. आणि ते निर्दोष असेल तर दोष पाण्याचा, म्हणजे वाडी रोज तेच पाणी पीत होती आणि मावशींवर आळ घेऊन निर्धास्त होती.

विहीर मी पाहून घेतली, तिच्या पाण्याची बाटली आणि आजाऱ्यांच्या डब्या भरून घेतल्या. ओढ्याच्या खालच्या अंगाला, कठडा फुटका, वरच्या वस्तीचं सगळं वाहतं पाणी आत शिरायला मोकळं. पण आजारी पडलेल्या प्रत्येकानं मटणही खाल्लं होतं आणि पाणीही प्यायलं होतं. मला माणसं हवी होती ती पाणी पिऊन मटण न खाल्लेली. अशी माणसं वाडीत तयारच होती, ती म्हणजे माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मटणाला स्पर्श नाही. त्यांची पंगत वेगळी, त्यांची भाजी वेगळी आणि ती त्यांच्याच घरातून रांधून आलेली. पाणी मात्र एकाच विहिरीचं.

मी खुशीत माळकऱ्यांच्या घरोघर हिंडले. टाळकरी, मृदंगवाले, सगळ्यांना विचारलं.

"आमाला? छ्या! माऊलीची कृपा. धडधाकट हाय!"

एकूण एक माळकरी ठणठणीत. माझा चेहरा पडला. मटण खाणारे आजारी आणि न खाणारे बरे. मावशींना सोडवायला आलेली मी त्यांच्याविरुद्धचा खटला भक्कम करत चालले होते. शब्बीर म्हणाला, "म्याडम, आपून ह्ये इचारलंच नसतं तं बरं झालं असतं." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

नामदेवबुवांच्या ओसरीवर

शेवटचं घर नामदेवबुवांचं. भजनी मंडळाचे प्रमुख, पांढऱ्याशुभ्र मिशा, वाडीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांच्या पत्नी रखमाकाकूंनी कोरा चहा दिला, मी तो उकळलेला असल्याची खात्री करून घेतला. बुवाही सांगायला लागले, "आमच्या घरी कुनाला कायबी झालं न्हाई. तुळस गळ्यात असली म्हंजी…" आणि वाक्य अर्ध्यावर टाकून उठले. "जरा म्हस बघून येतो."

आले. पुन्हा बसले. "तुळस गळ्यात असली म्हंजी बाई…" पुन्हा उठले. "म्हस लई वढाळ हाय."

माझं निम्मं आयुष्य या विषयात गेलं आहे. माणूस म्हशीकडे चाललाय की दुसरीकडे, हे मला चालीवरून कळतं. शिवाय म्हशीकडे जाताना कुणी टमरेल नेत नाही. आणि पडवीत बघावं तर ऐन पावसात बुवांची सगळी धोतरं एकाच वेळी धुऊन वाळत घातलेली. मी रखमाकाकूंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता आणि खांदे गदगदा हलत होते.

"काकू, म्हशीला कधीपासून होतंय?"

"दोगांनाबी, बाई," काकू हसत आणि डोळे पुसत म्हणाल्या. "मी तं त्या जेवनाला गेलेबी न्हवते, घरीच व्हते. पन बोलू नका कुटं. वाडी म्हनती, जुलाब झालं त्येनं मटान खाल्लं. माळकऱ्याला जुलाब झालं म्हनलं तं काय व्हईल? दारात यिऊन माळ उतरवून घेतील!"

अच्छा! म्हणजे माऊलीची कृपा अशी होती. वाडीनं मटणाला दोषी ठरवलं आणि त्याच क्षणी जुलाब ही मटण खाल्ल्याची पावती होऊन बसली. आता कुठला माळकरी ती पावती स्वतःच्या हातानं फाडणार? सगळे गुपचूप म्हशी बघून येत होते. इतकी वर्षं मी हा रोग बघते आहे, पण त्याची लक्षणं धर्म वाचवण्यासाठी पोटात कोंडून धरलेली माणसं मी पहिल्यांदा पाहिली. आणि ही लक्षणं कोंडून धरायला किती अवघड असतात ते मी अधिकारानं सांगू शकते.

बुवा परत आले तेव्हा मी सरळच बोलले. "बुवा, तुम्ही गप्प बसलात म्हणून सगळ्यांना वाटतंय मटणानंच झालं. विहीर तशीच चालू आहे आणि यमुनामावशींचं नाव गेलंय."

बुवांची मान खाली गेली. "माझ्या बापाची माळ हाय ही, बाई. त्येनं मरताना माझ्या गळ्यात घातली. उद्या लोकं हसली तं भजनाला कोन उभं करंल मला?"

"तुमच्या परवानगीशिवाय मी कुणाला काही सांगणार नाही. पण एक डबी देते. ती तेवढी भरून द्या."

बुवांनी डबीकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेची मला सवय आहे.

पाणी उकळूनच प्या असं वाडीला बजावून मी निघाले, तेव्हा बुवा स्वतः जीपपर्यंत आले. चिखलातून गाडी निघाली होती. त्यांनी शब्बीरच्या हातात लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलं. "हळू न्या." शब्बीरनं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि अम्मीच्या डब्यावर नीट ठेवलं. "बुवांचा परसाद," तो मला म्हणाला. मी पहिल्या वळणापर्यंत तोंड दाबून धरलं. मग सांगितलं. शब्बीरनं घाटात इतक्या जोरात ब्रेक मारला की मागून येणारी एसटी आमच्यावर ओरडत गेली. त्या दिवशी अम्मीचा डबा कुणीच खाल्ला नाही.

जुन्नर

जुन्नरला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची प्रयोगशाळा आहे. पाण्याचे आणि माणसांचे सगळे नमुने तिथं जंतूंच्या हिरव्या खाद्याच्या बश्यांवर पसरले आणि ऊब देऊन ठेवले. मग वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. शब्बीरच्या अम्मीनं जेवायला बोलावलं. आधी मला दारातच साबण दिला, कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि मगच आत घेतलं. माझ्या विद्यार्थ्यांनाही मी इतकं छळत नाही. जेवताना त्यांनी विचारलं, "बेटी, पढ-लिखके ये काम कायको लिया?" मी म्हटलं, "अम्मी, हा रोग गरिबाच्या घरी आधी जातो, आणि थांबवायला चांगलं पाणी पुरतं. इतका सोपा शत्रू सोडवत नाही." त्यांनी विचार केला आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी बश्या उघडल्या. हिरव्यावर पिवळे ठिपके उगवले होते. विहिरीच्या पाण्यातून, मटण खाणाऱ्यांच्या डब्यांतून आणि बुवांच्या 'परसादा'तूनही. पुढच्या तपासण्यांतही तो माझा वाकडा स्वल्पविरामच निघाला. तालुक्याच्या आरोग्य कचेरीला लगेच कळवलं आणि आम्ही वाडीकडे निघालो.

मारुतीच्या देवळात सभा

दुपारी देवळात सगळी वाडी जमली. यमुनामावशी पायरीवर, सगळ्यांपासून लांब बसल्या होत्या. मी झाकण पक्कं बंद केलेली बशी दाखवली, पिवळे ठिपके दाखवले, विहिरीचं सांगितलं. लोकांनी बशी हातोहात फिरवली. एकानं झाकणावरूनच वास घेतला, तो पुढे फारसं बोलला नाही.

बाळूभाऊ उभे राहिले. "बाई, तुमचं मशीन खरं आसंल. पन आमी सारं आयुष्य तेच पानी पितोय. आन् माळकरीबी तेच पानी पित्यात. त्येंना का न्हाई झालं? सांगा."

प्रश्न बिनतोड होता. परीक्षेत मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. उत्तर माझ्या पेटाऱ्यात होतं, पण ते देण्याचा मला अधिकार नव्हता. मी छताकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं, बुवा बसले होते ती दिशा सोडून सगळीकडे पाहिलं. पायरीवर यमुनामावशी पदर सावरून उठायला लागल्या. त्यांना वाटलं, झालं, संपलं.

"मला झालं," नामदेवबुवा म्हणाले.

बुवा उभे राहिले. गळ्यातली माळ मुठीत धरली होती. "मला जुलाब झालं. आजूनबी व्हत्यात. पानी वंगाळ हाय. यमुनाच्या हाताला दोस न्हाई. मी भ्यालो म्हनून गप ऱ्हायलो."

"म्हंजी बुवा, तुमी बी मटान…?" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा उसळला. "माळंवं हात ठिऊन सांगा, खाल्लं न्हाई म्हनून!"

बुवांचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात मृदंगवाले उठले. "मलाबी झालं. एकादशीला मृदंगाचं कातडं ढिल्लं न्हवतं पडलं, मीच पडलो व्हतो." मग एक टाळकरी उठला, मग त्याचा भाऊ. भजनात जसे एकामागून एक सूर मिळतात तसं सगळं मंडळ उभं राहिलं. शेवटी बायकांतून रखमाकाकूंचा आवाज आला, "मी तं जेवनालाबी न्हवते. मलाबी झालं. आन् जे हसत्यात त्येंनी माझ्या घरी यिऊन धोतरं धुवावी."

हसून हसून देवळाची घंटा हलली असेल. फक्त बाळूभाऊ हसत नव्हते. "पन टीसीएल पावडर तं आपून टाकतोय…" ते म्हणाले. विहिरीत टाकायची जंतुनाशक पावडर. पंचायतीच्या शिपायानं खाली मान घालून सांगितलं की पोतं अजून फोडलंच नाही, पाहुण्यांना बसायला ठेवलंय. मी ज्यावर बसले होते तेच.

मग सगळ्यांच्या नजरा पायरीकडे वळल्या. बाळूभाऊंची बायको उठली, यमुनामावशींपुढे जाऊन वाकली. "वयनी, आमचं चुकलं."

यमुनामावशींच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग त्या म्हणाल्या, "आधी हिर उपसा. तवर माझ्या दारात हंडं घिऊन या." आणि तरातरा घरी गेल्या. तासाभरात त्यांच्या अंगणात ते मोठं पातेलं चुलाणावर चढलं आणि सगळी वाडी उकळलेल्या पाण्यासाठी रांगेत उभी राहिली. बाळूभाऊंचा हंडा त्यांनी मुद्दाम शेवटी भरला. ते बघून मला मनापासून आनंद झाला.

आम्ही निघालो तेव्हा नामदेवबुवा जीपपर्यंत आले. शब्बीरनं त्यांचे हात रिकामे आहेत ना ते आधी पाहिलं. बुवा माझ्या खिडकीपाशी रेंगाळले.

"बाई, येक इचारायचं व्हतं. त्या बशीत… मान्सानं काय खाल्लं व्हतं, त्येबी उगवतं का वो?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "नाही बुवा. फक्त जंतू उगवतात."

त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "रस्साच व्हता. वाटीभर. फोड न्हाई घेतली. वास लई सुटला व्हता वो. यमुनानंच वाढला, मागल्या दारी."

"म्हणजे मावशींना माहीत होतं?"

"पैल्यापासनं. मी गप बसलो तवाबी बोलली न्हाई, आन् आज सभंत माळंवं हात ठिव म्हनले तवाबी न्हाई. माझ्याकडं बगत व्हती नुसती."

शास्त्राच्या हिशेबात माझा सगळ्यात मोठा साक्षीदार बाद झाला होता. रखमाकाकू आणि बाकीचं भजनी मंडळ होतं म्हणून निष्कर्ष वाचला. बुवांचा नमुना मी आकडेमोडीतून काढून टाकला आणि कारण लिहिलं, 'डबी बरोबर बंद नव्हती'. या वर्णनात बुवांचं नाव बदललं आहे, रखमाकाकूंचं आणि सरपंचांचंही. यमुनामावशींचं मात्र खरं आहे. तळेघरच्या बाजूला कधी कार्य काढलंत तर जेवण त्यांनाच सांगा.